साफ करा

७ जानेवारी

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक आहेत. तूही ठीक असशील असं मी धरून चालते, कारण विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. फोन केला की तू "हं" म्हणतोस आणि त्यावर पुढे काय बोलायचं ते मला तीन वर्षांत सुचलेलं नाही. म्हणून हा कागद.

आधी बातम्या. बाबा ऐंशीचे झाले. दुकान सोडून बारा वर्षं झाली तरी रस्त्यात कुणाचं मनगटी घड्याळ दोन मिनिटं मागे दिसलं की थांबून सांगतात. समोरचा माणूस बस चुकवतो. तुझी भाची आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि घरातली एकही भिंत तिला पसंत नाही. तुझे भावजी अजून शाळेत भूगोल शिकवतात, आणि अख्खं जग ठाऊक असूनही स्वतःचा चष्मा कुठे आहे हे मला विचारतात. मी तीच, मिक्सर, इस्त्र्या आणि कपडे धुण्याच्या यंत्रांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणणारी. "ओल्या हातांनी बटण दाबू नये" हे वाक्य आतापर्यंत निदान साठ वेळा लिहिलं असेल.

आता कामाचं. तीन वर्षांपूर्वी तू आपल्या चारही संगणकांवर जो अँटिव्हायरस घालून गेलास, त्याची मुदत या महिन्याच्या एकतीस तारखेला संपते. रोज सकाळी कोपऱ्यात पिवळी पट्टी येते, "आपले संरक्षण २४ दिवसांत संपेल." हातात चहाचा कप असताना असलं वाक्य वाचायला बरं वाटत नाही. तोच पुन्हा घ्या म्हणशील, तर त्याची नवी आवृत्ती बाबांच्या जुन्या यंत्रावर चढतच नाही. भाचीने दोनदा बघितलं. म्हणजे नवा शोधायला हवा, आणि तुझ्याशिवाय विचारू कोणाला?

रविवारी आम्ही चौघांनी बसून चर्चा केली. चर्चा म्हणजे प्रत्येकाने आपलं म्हणणं मोठ्याने सांगितलं. भाचीला असा हवा जो आहे हे कळणारही नाही, कारण तिची मोठमोठी रेखाचित्रं उघडत असताना जुना मधेच उठून झडती घ्यायचा. भावजींना फुकटचा हवा. इंटरनेटवरून फुकट काही उतरवलं की त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं ते लग्नाच्या फोटोतही नाही. मला असा हवा जो सारखे प्रश्न विचारणार नाही.

आणि बाबा म्हणाले, "माझ्या टेबलावर काही बसवायचं नाही. एकदा बसवलं तेवढं पुरे."

मग मी पडद्यांच्या कापडाचा विषय काढला. विषय बदलण्यात मी अलीकडे पटाईत झाले आहे.

त्यांची घड्याळांची फाइल गेली ते त्यांना अजून बोचतं. साहजिक आहे. दुरुस्त केलेल्या चारशे बारा घड्याळांची टिपणं, कुठल्याला काय झालं होतं आणि कसं बरं केलं, अकरा वर्षं एका बोटाने टाइप केलेली. त्या रागात ते तुला फोनवर नको ते बोलले आणि तू घरी यायचा थांबलास. त्याबद्दल मी आज लिहीत नाही. आजचं पत्र अँटिव्हायरसबद्दल आहे.

तर कुठला घेऊ ते कळव. चार यंत्रं, एकच वायफाय, त्यातलं एक यंत्र म्हातारं आणि त्याचा मालक हट्टी.

तुझी,
ताई


१८ जानेवारी

चि. धाकट्या, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी, आणि त्यात "ताई" हा शब्द एकदाही नाही. पण अक्षर तुझंच, "र" अजून उडी मारल्यासारखा. मी दोनदा वाचलं. पाच ओळींना किती वेळ लागतो.

तुझ्या सूचना मी फ्रिजवर चिकटवल्या आहेत. एका यंत्रावर एकच अँटिव्हायरस ठेवावा, दोन घातले तर ते एकमेकांनाच चोर समजतात. चारही यंत्रांना मिळून एकच परवाना घ्यावा. बाबांच्या यंत्राला झेपेल असा हलका बघावा. वायफायचा पासवर्ड बदलावा, कारण "घर१२३" हा पासवर्ड नाही. हे सगळं पटलं.

दुर्दैवाने तुझं पत्र शुक्रवारी आलं आणि भावजींनी गुरुवारीच एक फुकटचा उतरवला होता. जुना न काढता, त्याच्या डोक्यावर. दोघांनी एकमेकांची अशी मानगूट धरली की भावजींचा बाण पडद्यावर जागच्या जागी थिजला. समोर त्यांचा सातवीचा ऑनलाइन वर्ग. पुढची वीस मिनिटं मुलांना ज्वालामुखीचा एकच फोटो दिसत होता आणि भावजी त्यावर बोलत राहिले. मुख्याध्यापकांनी नंतर कौतुक केलं म्हणे, इतक्या सखोलपणे ज्वालामुखी आजवर कोणी शिकवला नव्हता.

शनिवारी मी संगणकाच्या दुकानात गेले. विक्रेता मुलगा गोड होता, पण बोलायला लागला की डोळे छताकडे. "मॅडम, यात सात पदरी संरक्षण आहे." मी म्हटलं, "ते राहू दे. हा विचारतो किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे मधेच लाल चौकट आणून साफ करू का, असं विचारतो का?"

"नाही नाही, हा स्वतःच साफ करतो. तुम्हाला काही बघायलाच नको."

"न विचारता? मग नको."

"मग हा घ्या. हा प्रत्येक वेळी तुम्हाला विचारतो."

"तोही नको."

तो बिचारा हातात दोन खोकी घेऊन बघत राहिला. मला नक्की काय हवंय हे मलाच सांगता येईना. मी म्हटलं, घरी विचारून येते.

बाबांचं आणखी एक सांगायचं राहिलं होतं. ते आता वहीत लिहितात. ती टिपणं आठवून आठवून पुन्हा लिहायला बसलेत. गेल्या तीन वर्षांत त्रेचाळीस झाली. परवा एका टपाल कचेरीच्या मोठ्या घड्याळापाशी अडले. ते दर पावसाळ्यात दुपारी चारलाच का थांबायचं हे त्यांनी शोधून काढलं होतं, पण कारण काय होतं ते आठवेना. तासभर पेन हातात धरून बसले. मग मला म्हणाले, "लिहून ठेवलं की माणूस विसरायला मोकळा होतो. मी विसरलो, कारण लिहून ठेवलं होतं." मी टेबल पुसत होते. पुसत राहिले.

तू लहानपणी मला फडकेताई म्हणायचास, आपलं आडनाव ते नसताना. पाहुण्यांना खरंच वाटायचं. माझ्या हातात अजून फडकं असतंच.

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मला नीट कळली नाही. "जुना काढण्याआधी त्यातला विलग कक्ष उघडून बघ. संशय आलेल्या फाइली तिथे कोंडलेल्या असतात. न बघता काढलास तर त्या कायमच्या जातील." हे तू सगळ्यांनाच सांगतोस, की मुद्दाम लिहिलंस?

एकच विचारते. त्या दिवशी बाबांनी फोन केला तेव्हा तू म्हणाला होतास, "घरात कुणी काही दाबलं का ते विचारा." तुझ्या मनात कोणी होतं का?

राहू दे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. ज्वालामुखीला तू हसलास की नाही तेवढं मात्र कळव.

तुझी,
ताई


२९ जानेवारी

धाकट्या,

आज आशीर्वाद देत नाही. देण्याचा अधिकार आहे की नाही ते पत्र वाचून तू ठरव.

ती लाल चौकट मी दाबली होती.

तीन वर्षांपूर्वी तू एकतीस जानेवारीला सगळं बसवून संध्याकाळच्या गाडीने गेलास. बाबांना सोपं जावं म्हणून बाबांच्या आणि माझ्या यंत्रावर सगळं मराठीत करून दिलं होतंस, आणि जाताना दारात चपला घालता घालता सांगितलंस, "लाल चौकट आली तर काही दाबू नका, मला फोन करा." दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांचं टेबल पुसत होते. बाबा फिरायला गेले होते. पडद्यावर चौकट आली. "संशयास्पद वस्तू सापडली." खाली दोन बटणं, "साफ करा" आणि "दुर्लक्ष करा".

मला कोणी "साफ करा" म्हटलं आणि मी दुर्लक्ष केलं, असं आयुष्यात झालेलं नाही. फडकं डाव्या हातात होतं, उजव्या हाताने दाबून टाकलं. मला खरंच वाटलं, यंत्रात धूळबीळ असेल. चौकट पुन्हा आली, पुन्हा दाबलं. ती दुसरी म्हणजे बाबांनी तुझ्या सांगण्यावरून काढून ठेवलेली प्रत होती. ती त्यांनी सुरक्षित राहावी म्हणून त्याच यंत्रात शेजारच्या कप्प्यात ठेवली होती.

संध्याकाळी फाइल गेल्याचं कळलं. बाबांनी तुला फोन लावला, "तू काल सगळं साफ करून गेलास." मग फोनवर हात ठेवून त्यांनी आम्हाला विचारलं, "कुणी काही दाबलं का?" मी म्हणाले, "नाही."

दाबलं ती चूक होती. "नाही" ही चूक नव्हती. मला त्याच क्षणी कळलं होतं काय झालंय, आणि तरी त्यांचा चेहरा बघून मी खोटं बोलले. उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवसापर्यंत तू रागावून फोन ठेवला होतास. तिसऱ्या दिवशी बाबांनी घरात तुझं नाव काढायला बंदी केली. मग रोज सांगणं आदल्या दिवसापेक्षा अवघड होत गेलं, आणि मला न सांगण्याची सवय लागली. तीन वर्षं तू माझ्या वाटचं ऐकून घेतलंस. मला लाज वाटते, धाकट्या. दुसरा शब्द नाही.

परवा दुपारी घरात कोणी नसताना मी तुझी ओळ समोर ठेवून विलग कक्ष उघडला. बाबांच्या यंत्रावर, त्यांना न विचारता. आत पंधरा गोष्टी कोंडलेल्या. तेरा भावजींनी मधल्या काळात बाबांच्या यंत्रावर फुकट उतरवलेल्या, त्यांच्याबद्दल मी त्यांच्याशी वेगळं बोलणार आहे. आणि तळाशी दोनदा "घड्याळे". तू बाबांना त्या फाइलीत "नवं पान" असं बटण करून दिलं होतंस ना, दाबलं की तारीख घालून कोरं पान यायचं? त्या छोट्याशा बटणाचा अँटिव्हायरसला संशय आला होता. पुढे लिहिलं होतं, "१ फेब्रुवारी, सकाळी ११.२०. कारवाई: साफ केले. कोणी: वापरकर्ता."

वापरकर्ता हा शब्द मी रोज लिहिते. "वापरकर्त्याच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीस आम्ही जबाबदार नाही." माझ्या हातचं वाक्य.

आता ऐक, कारण हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही. पडद्यावर "परत आणा" होतं, आणि शेजारी "कायमचे काढा". कायमचे काढा याच्याकडे मी नुसतं बघितलं, हात नेला नाही. पण "परत आणा" दाबताना मी एक वाक्य तयार केलं होतं, "बाबा, नव्या अँटिव्हायरसने फाइल शोधून दिली." कोणाचाच दोष नाही, सगळे खूश. नवा अँटिव्हायरस तोवर घरात आलाही नव्हता. तरी वाक्य तयार होतं.

बाबा आले. मी खुर्ची ओढून दिली. त्यांनी पहिलं टिपण वाचलं, मग टपाल कचेरीचं शोधून वाचलं. दमट हवेत लाकडी खोका दिवसभर फुगत जायचा आणि चारच्या सुमारास लोलक त्याला घासून थांबायचा. ते मोठ्याने हसले, इतकी वर्षं हरवलेला माणूस भेटल्यासारखे. आणि मग हसू तसंच ठेवून म्हणाले, "म्हणजे त्याने पुसली नव्हती."

माझं वाक्य तोंडातच राहिलं. मी म्हटलं, "नाही. मी पुसली होती."

"तेव्हा मी विचारलं होतं."

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"हो."

ते उठले आणि काठी न घेता फिरायला गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चहा हवा असला की भाचीला सांगायचे, "तुझ्या आईला सांग, साखर कमी." मी समोरच उभी. भाची अगदी गंभीरपणे माझ्याकडे वळून, "आई, साखर कमी," म्हणायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला हसू आवरलं नाही, मग मलाही नाही, आणि बाबांनी वर्तमानपत्र वर धरलं.

आज सकाळी मी माझ्या टेबलाशी काम करत होते. ते येऊन शेजारी बसले. म्हणाले, "तू एक शब्द खोटा बोललीस. मी त्याला शंभर बोललो. तो म्हणाला होता, येऊन बघतो. मी म्हटलं, या घरात हात लावायचा नाही." मी म्हटलं, मग तसं त्याला लिहा. तर म्हणाले, हात थरथरतो. हात थरथरत नाही. काल त्यांनी शेजाऱ्यांच्या घड्याळाचा केसाएवढा स्क्रू बसवून दिला.

दुपारी नवा अँटिव्हायरस बसवला. शेवटी माझी मागणी त्या विक्रेत्याला नीट सांगता आली. न विचारता पुसणारा नको आणि मला विचारून पुसणारा तर मुळीच नको. संशय आला तर बाजूला ठेवणारा आणि जाणत्या माणसाला कळवणारा हवा. तो म्हणाला, "मॅडम, हे आधीच सांगायचं ना." हलका आहे, चौघांना एकच परवाना पुरतो, भाचीला तो आहे हे अजून कळलेलं नाही. वायफायचा पासवर्ड बदलला. भावजींना तो पाठ होईना, म्हणजे चांगला असणार; तो इथे लिहीत नाही.

बाबांनी स्वतः सांगितलं, माझ्यावरही घाला. भाची एकेक पायरी वाचत होती. एका पायरीवर आलं, "धोका आढळल्यास कोणाला कळवावे? एका व्यक्तीचा मोबाइल क्रमांक द्या." भावजी आपला सांगायला लागले. बाबा म्हणाले, "थांबा." आणि दहा आकडे एका दमात म्हणून दाखवले.

तुझे. तू गेल्या वर्षी बदललेला नंबर. तो मी कधी त्यांना दिला नाही, त्यांनी मागितला नाही. माझ्या वहीत बघून ठेवला असणार. भाचीने विचारलं, "आजोबा, तुम्हाला पाठ आहे?" ते म्हणाले, "त्यात काय, दहाच तर आकडे आहेत," आणि खिडकीकडे बघायला लागले. स्वतःचा नंबर त्यांना चष्मा लावून वाचावा लागतो, हे तुला माहीत आहे.

म्हणून हे पत्र घाईने टाकतेय. आज दुपारी चारच्या सुमारास तुझ्या फोनवर एक संदेश आला असेल. "आपल्याला एका घरातील चार संगणकांचे संपर्कव्यक्ती नेमण्यात आले आहे. मान्य असल्यास हो असे उत्तर द्या." खाली एक लांबलचक लिंक. तुझा धंदाच हा, त्यामुळे तू तो फसवणूक समजून पुसून टाकशील याची मला खात्री आहे. पुसू नकोस. उत्तराला सात दिवसांची मुदत आहे आणि हे पत्र तीन दिवसांत पोचेल.

माझ्यावर हवा तितका रागाव. महिनाभर, वर्षभर, मला काही म्हणायचा हक्क नाही. पण तो संदेश यंत्राने पाठवलेला नाही. तो बाबांनी पाठवला आहे, आणि चार वाजल्यापासून ते पडद्यासमोरून उठलेले नाहीत.

माफी मागणारी,
तुझी ताई